उघड्या पडलेल्या कोऱ्या भिंतींची पुनर्रचना : गोव्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

बेतीहून पणजीला येणाऱ्या फेरीबोटीतून किंवा २०१९ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या अटल सेतूवरून राजधानीकडे पाहिले, की इमारतींचे दर्शनी भाग जेवढे नजरेत भरतात तेवढ्याच त्यांच्या बाजूच्या भिंतीही नजरेत येतात. समोरच्या बाजूला सज्जे, जाळ्या, रंगसंगती यांचा काहीतरी विचार झालेला असतो. बाजूची भिंत मात्र खिडकीवाचून उभी, काळ्या ओघळांनी माखलेली आणि सांडपाण्याच्या पाइपांनी व वातानुकूलन यंत्रांनी व्यापलेली असते. मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा येथील बाजारपेठांतही हेच दिसते. अशा भिंतीचे काय करता येईल, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे थांबावे, हे पहिल्यांदाच असे काम हाती घेणाऱ्या सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना, घरमालकांना, तरुण वास्तुविशारदांना आणि चित्रकारांना समजावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

माझे मत आरंभीच सांगतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यासह, भिंतींवर आडवा आपटतो. त्यामुळे येथे भिंतीच्या पुनर्रचनेत आधी पाण्याचा बंदोबस्त आणि मग नजरेचा विचार, हा क्रम बदलता येत नाही. ज्यांनी तो बदलला त्यांची चित्रे दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे होऊन गळून पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत.

१. भिंत कोरी का राहिली, हे आधी शोधावे

कोऱ्या भिंतीमागे बहुतेक वेळा अर्धवट राहिलेली एखादी गोष्ट असते. पणजी १८४३ मध्ये पोर्तुगीज भारताची राजधानी झाली, आणि तिच्या जुन्या भागांत घरे एकमेकांना खेटून, रस्त्याच्या कडेने ओळीत उभी राहिली. अशा ओळीतले एक घर पाडून तेथे चार मजली इमारत आली आणि शेजारचे कौलारू घर तसेच राहिले, की नव्या इमारतीचे वरचे मजले बाजूने उघडे पडतात. कधी उलट घडते, म्हणजे शेजारचे घर पडते किंवा रस्त्याच्या रुंदीकरणात जाते आणि कधीच बाहेरची म्हणून बांधली न गेलेली सामाईक भिंत एकाएकी पाऊस खाऊ लागते. कधी बांधकाम करणाऱ्याने शेजारच्या भूखंडावर आज ना उद्या इमारत येईल या भरवशावर हद्दीलगत बिनखिडकीची भिंत उभारलेली असते, आणि ती इमारत वारसांच्या वादामुळे येतच नाही.

हे कारण शोधण्याचा उपयोग एवढाच, की भिंत आणखी किती वर्षे उघडी राहणार याचा अंदाज येतो. शहरी भागात नियोजन व विकास प्राधिकरणाकडे असलेला बाह्यविकास आराखडा आणि गावात प्रादेशिक आराखडा पाहून शेजारच्या जमिनीचा विभाग व तेथे अनुज्ञेय असलेली उंची समजून घ्यावी, आणि जमीनमालकाला सरळ विचारावे. भिंत पाच-सहा वर्षांत झाकली जाण्याची शक्यता असेल तर डागडुजी आणि एक साधा, नीट निवडलेला रंग यापलीकडे खर्च करू नये. शेजारी गल्ली, नाला, उद्यान किंवा संरक्षित जुने घर असेल तर भिंत कायमची उघडी राहणार असे समजावे, आणि मोठ्या कामाचा विचार अशाच भिंतीसाठी करावा.

२. पाहणी पावसातच करावी

नवख्या मंडळींची पहिली पाहणी बहुधा डिसेंबरात होते, कारण तेव्हा फिरणे सुखाचे असते. पण कोरड्या दिवसांत भिंत आपले दुखणे लपवून ठेवते. जुलैच्या मध्यावर, दोन दिवस सलग पाऊस झाल्यानंतर आणि एक तासभर उघडीप मिळाल्यावर, छत्री व कॅमेरा घेऊन भिंतीसमोर उभे राहावे. भिंतीचा कोणता भाग लवकर सुकतो आणि कोणता भाग काळपट ओला राहतो, याचे छायाचित्र दर पंधरा मिनिटांनी एकाच जागेवरून घ्यावे. हीच छायाचित्रे पुढे रंगकामाच्या ठेकेदाराशी बोलताना सर्वांत उपयोगी पडतात.

पाणी कोठून येते ते वरून खाली शोधत यावे. गच्चीच्या कठड्याचा माथा सपाट असेल किंवा बाहेरच्या बाजूला उतरता असेल, तर त्यावरचे सगळे पाणी धूळ घेऊन भिंतीवरून ओघळते. माथ्याला गच्चीच्या दिशेने उतार दिला, तो भिंतीपुढे थोडा काढला आणि त्याच्या तळाशी बोटभर खाच ठेवली, की पाणी त्या खाचेपाशी तुटून थेंबाथेंबाने खाली पडते. ओघळांपैकी निम्मी कटकट एवढ्याने मिटते, असे मी निःशंकपणे सांगेन. त्यानंतर गच्ची व कठडा यांच्या सांध्यातली गोलाई फुटली आहे का, पावसाच्या पाण्याच्या पाइपांचे सांधे गळतात का, वातानुकूलन यंत्रांची पाण्याची नळी भिंतीवरच सोडून दिली आहे का, हे पाहावे. या यंत्राचे पाणी ऐन मे महिन्यातही थेंब थेंब पडत राहते, त्यामुळे सबंध भिंत कोरडी असताना एकच हिरवी-काळी रेघ त्याच्या खाली वर्षभर जिवंत राहते. सर्व यंत्रांच्या नळ्या एका उभ्या पाइपात जोडून तो जमिनीपर्यंत न्यावा.

मग भिंतीजवळ जावे. हातोडीच्या लाकडी दांड्याने गिलावा ठोकत गेल्यास चांगल्या जागी खणखणीत आणि सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. बद्द जागांना खडूने वेढा घालावा. आरसीसीचे खांब व तुळया आणि त्यांमधले चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) बांधकाम यांच्या सांध्यावर सरळ रेषेत गेलेली बारीक फट बहुतेक ठिकाणी दिसते, कारण दोन्ही पदार्थ उन्हाने वेगवेगळे ताणतात. तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली किंवा रुंद होत जाणारी फट दिसली तर काम तेथेच थांबवून संरचना अभियंत्याला बोलवावे. फटीत उगवलेला पिंपळ वा वड नुसता कापून भागत नाही, तो मुळासकट काढावा लागतो. भोके बुजवण्याआधी त्यांत साळुंकीचे किंवा इतर पक्ष्यांचे घरटे नाही, याची खात्री करून घ्यावी.

चिऱ्याच्या जुन्या भिंतींविषयी अधिक जपून वागले पाहिजे. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि सोडतोही. आपल्या पूर्वीच्या घरांत त्यावर चुन्याचा गिलावा असे आणि चुना हे पाणी बाहेर जाऊ देई. अशा भिंतीवर नंतर सिमेंटचा जाड गिलावा आणि त्यावर प्लास्टिकसारखा घट्ट रंग चढवला, की आत शिरलेल्या पाण्याला वाट उरत नाही, क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि रंग फुगून सुटतो. समुद्र किंवा खाडी जवळ असल्यास हा प्रकार लवकर घडतो. अशा भिंतीसाठी चुन्याचाच गिलावा आणि श्वास घेऊ देणारा चुन्याचा किंवा खनिज सिलिकेटचा रंग वापरावा, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यासाठी वेळ द्यावा. अलीकडे असे कारागीर थोडे राहिले आहेत, पण जुन्या देवळांची, चर्चची आणि घरांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे विचारणा केल्यास ते भेटतात.

३. संमती आणि परवानग्या

भिंत कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि वडिलोपार्जित घरात वारस अनेक असून त्यांपैकी काही मुंबईत, काही लिस्बनमध्ये, काही लंडनमध्ये असतात. म्हणून संमतीपत्रावर दोघा पती-पत्नींच्या व शक्य त्या सर्व सहमालकांच्या सह्या घ्याव्यात. सोसायटीच्या इमारतीत सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. शेजाऱ्याची संमती वेगळी लागते, कारण परांची बहुतेक वेळा त्याच्याच जमिनीवर उभी राहणार असते. त्याला काम किती दिवस चालेल, कौलांवर काही पडू नये म्हणून काय केले जाईल आणि नुकसान झाल्यास ते कोण भरून देईल, हे लेखी द्यावे.

असलेल्या भिंतीला रंग देणे आणि भिंतीला खिडकी पाडणे, पुढे आलेला सांगाडा जोडणे किंवा जाहिरात लावणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या कामांना २०१० च्या जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावलीप्रमाणे स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिकेची, नगरपालिकेची किंवा पंचायतीची, आणि नियोजन प्राधिकरणाची अथवा नगर नियोजन खात्याची परवानगी पाहावी लागते. पणजीतील फोंतेन्हास या जुन्या वस्तीसारख्या संवर्धन क्षेत्रात रंगाच्या छटेपासूनच संवर्धन समितीला विचारून पुढे जावे. भिंतीजवळून विजेच्या तारा जात असतील तर वीज खात्याला आधी कळवून काम चालू असताना पुरवठा बंद ठेवण्याची किंवा तारांना आवरण घालण्याची व्यवस्था करून घ्यावी. ही शेवटची गोष्ट माणसाच्या जिवाशी संबंधित आहे, म्हणून ती ठेकेदारावर सोडू नये.

४. कोण, कोठून आणि किती वेळ पाहणार

आता नजरेचा विचार. वास्तुकलेत एक जुना ठोकताळा आहे : एखादी इमारत एका दृष्टिक्षेपात पूर्ण दिसण्यासाठी तिच्या उंचीच्या सुमारे दुप्पट अंतरावर उभे राहावे लागते, उंचीएवढ्या अंतरावरून तपशील दिसतात, आणि तिप्पट अंतरावरून ती आजूबाजूच्या परिसराचा भाग म्हणून दिसते. १५ मीटर उंच भिंतीसमोर आठ मीटरची गल्ली असेल, तर ती भिंत समोरून कोणालाच पूर्ण दिसणार नाही. ती दिसेल तिरकस, रस्त्याच्या टोकाकडून, किंवा नदीपलीकडून. कागदावर समोरून काढलेले सुंदर चित्र अशा ठिकाणी आक्रसून भलतेच दिसते. म्हणून शहरात फिरून ही भिंत जेथून जेथून दिसते त्या सर्व जागा नकाशावर खुणावाव्यात : बसस्थानक, पुलाचा चढ, समोरच्या घराची खिडकी, शाळेचे फाटक, फेरीचा धक्का. प्रत्येक जागेवरून छायाचित्र घ्यावे आणि आपली कल्पना त्या छायाचित्रांवरच रंगवून पाहावी. तेथे झाड असेल तर पाच वर्षांनी ते केवढे होईल याचाही विचार करावा, कारण झाडाने झाकलेल्या भिंतीला आणखी काही करण्याची गरज उरत नाही.

या फिरण्यातून एक गोष्ट हमखास समोर येते. भिंतीचा वरचा भाग दुरून, वाहनातून, क्षणभर दिसतो. खालचे दोन-तीन मीटर मात्र रोज चालणाऱ्या माणसाला हाताच्या अंतरावरून दिसतात. या दोहोंसाठी एकच रचना पुरत नाही. वर मोठे, शांत आकार आणि थोडे रंग असावेत. खाली स्पर्श करण्याजोगा, धक्का सोसणारा, धुता येणारा पदार्थ असावा. रस्त्यावरचा चिखल, पानाच्या पिचकाऱ्या आणि दुचाक्यांचे आरसे हे सगळे त्या खालच्या पट्ट्याच्याच वाट्याला येते.

सर्वांत जास्त वेळ ती भिंत पाहणारा माणूस म्हणजे समोरच्या घरातला रहिवासी. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दहा वर्षे हेच दिसणार आहे. रेखाचित्रे ठरवण्याआधी त्या घरांत जाऊन बसावे, त्यांच्या खिडकीतून भिंत पाहावी आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. भडक रंगामुळे घरात तांबूस-पिवळा उजेड पडतो, रात्री भिंतीवर सोडलेल्या दिव्यांनी झोप लागत नाही, अशा तक्रारी नंतर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेल्या बऱ्या.

५. उपायाची निवड

सर्वांत मूलभूत उपाय म्हणजे कोऱ्या भिंतीला खऱ्या खिडक्या देणे. शेजारी कायमची मोकळी जागा असेल आणि नियम परवानगी देत असतील, तर आतल्या माणसांना उजेड व वारा मिळतो आणि भिंत घरासारखी दिसू लागते. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत खांबांमधली भिंत बहुधा भार घेत नाही. चिऱ्यांच्या भारवाही भिंतीत मात्र अभियंत्याच्या रेखाटनाशिवाय एकही चिरा काढू नये. शेजाऱ्याच्या हद्दीकडे खिडकी उघडण्याने भविष्यात हक्कांचे वाद उपस्थित होतात, यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

दुसरा उपाय पाइप, तारा आणि यंत्रे यांना शिस्त लावण्याचा. एका उभ्या पट्ट्यात सर्व पाइप आणून त्यासमोर सिमेंटची किंवा मातीची जाळी उभारली, तर अर्धे विद्रूपीकरण नाहीसे होते आणि दुरुस्तीसाठी हातही पोचतो. या कामात कोणी ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या थरांच्या पत्र्यांनी सबंध भिंत मढवण्याचा सल्ला दिला तर तो मानू नये. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग अशाच ज्वलनशील गाभ्याच्या पत्र्यांमुळे बाहेरून वर चढत गेली आणि ७२ माणसे दगावली. शिवाय खाऱ्या हवेत हे पत्रे बसवण्याचे लोखंड गंजते, आणि त्यांच्यामागे भिंत ओली राहिली तरी दिसत नाही.

तिसरा उपाय रंग. नवख्याने येथेच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण योग्य रंगाने सामान्य भिंतही शेजारच्या वस्तीत मिसळून जाते. फोंतेन्हासमधील घरांचा पिवळा, निळा, विटकरी रंग आणि खिडक्यांभोवतीची पांढरी किनार सर्वांना आवडते. पण ते सौंदर्य लहान घरे, कौले, सज्जे आणि सावली यांच्या जोडीने आलेले आहे, आणि तोच निळा पाच मजली सपाट भिंतीवर लावला तर तो अंगावर येतो. मोठ्या भिंतीला फिकट, मातीच्या कुळातले रंग घ्यावेत आणि मजल्यांच्या पातळीवर किंवा शेजारच्या छपराच्या रेषेवर छटा बदलावी, म्हणजे भिंतीची उंची नजरेला तुटक वाटते. लोहाच्या ऑक्साइडपासून होणारे लाल, पिवळे, तपकिरी रंग उन्हात टिकतात. झगझगीत गुलाबी, जांभळे आणि लिंबू-पिवळे रंग बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात व लवकर विटतात. नैर्ऋत्य आणि पश्चिम बाजूंना शुभ्र पांढरा टाळावा, कारण त्यावर शेवाळाचा पहिला ओघळही उठून दिसतो. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन लागतच नाही हा समज गोव्यात खरा नाही : साधारण मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो.

भित्तिचित्र हा सर्वांचा आवडता उपाय. २०१९ मध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्ताने सॉलोमन सोझा या चित्रकाराने पणजीच्या भिंतींवर गोव्यातील कर्तृत्ववान माणसांची मोठी चित्रे काढली, आणि थबकून ती पाहणाऱ्यांना आपल्याच माणसांची नव्याने ओळख झाली. पणजीच्या बाजारसंकुलात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांवर आधारलेली भित्तिचित्रे आहेत. बाहेर पाहायचे तर ब्रसेल्समध्ये १९९१ पासून चित्रकथांतील पात्रे उघड्या भिंतींवर रंगवली जात आहेत. फ्रान्समधील लिओं शहरातले रेशीम विणकरांच्या वस्तीचे प्रसिद्ध भित्तिचित्र १९८७ मध्ये कोऱ्या भिंतीवर साकारले, आणि वस्ती जशी बदलली तसे १९९७ व २०१३ मध्ये ते पुन्हा रंगवण्यात आले. चित्र एकदा काढून मोकळे होता येत नाही, हे त्या शहराने आरंभीच्या दशकातच ओळखले.

विषय निवडताना नवख्यांचा कल पोदेर (पाववाला), नारळाचे झाड, होडी आणि सूर्यास्त यांकडे जातो. पर्यटनाच्या फलकांवर हे सगळे पुरेसे आहे. त्याऐवजी त्या वाड्याचे (वस्तीचे), त्या बाजाराचे स्वतःचे काय आहे ते शोधावे : खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतील) मानशीची, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या वाटेची, दारे, कुणबी साडीची चौकट, शिंपल्यांच्या खिडक्यांची जाळीदार वीण. चेहऱ्यापेक्षा नक्षी अधिक चांगली जुनी होते. नक्षीचा एक तुकडा उडाला तर तो साधा गवंडीही दुरुस्त करू शकतो, चेहऱ्याचा डोळा उडाला तर मूळ चित्रकाराचीच वाट पाहावी लागते. लोकांनी भिंत घाण करू नये म्हणून देवादिकांची चित्रे लावण्याची रीत मात्र मला पटत नाही; श्रद्धेची वस्तू पहारेकरी म्हणून उभी करणे योग्य नाही, आणि घाण थांबण्यासाठी जवळ स्वच्छतागृह व रात्री उजेड हवा.

आपल्या भूमीतील कावी कलेचा येथे आवर्जून विचार व्हावा. पेडण्यासह गोव्याच्या काही जुन्या देवळांत ती अजून पाहायला मिळते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरत जातात; जेथे लाल थर निघतो तेथे खालचा पांढरा उघडा पडतो. रेषा कोरलेली असल्यामुळे ती रंगासारखी सोलून निघत नाही. सबंध बाहेरची भिंत अशी करणे कष्टाचे व खर्चाचे आहे, पण वळचणीखालचा पट्टा किंवा प्रवेशाजवळची भिंत कावीने करावी आणि वरच्या मोठ्या भागात त्याच लाल-पांढऱ्या दोन रंगांची शिस्त खनिज रंगात पाळावी, असा मेळ उत्तम बसतो. खालच्या पट्ट्यासाठी आझुलेजो या पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या चकचकीत फरशाही योग्य. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील १९३५ ची निळी फरशीचित्रे पाहिली, की भाजलेल्या मातीवरचा रंग किती टिकतो याची साक्ष पटते.

हिरव्या भिंतीविषयी उत्साह फार आणि माहिती थोडी असते. कप्प्यांत माती भरून, ठिबक नळ्या लावून उभी केलेली बाग पहिल्या वर्षी देखणी दिसते. पण गोव्यात आठ महिने कोरडे असतात, पंप बंद पडला की मे महिन्यात आठवडाभरात ती करपते, आणि कप्प्यांत पाणी साचले तर डास होतात. वजनाचाही विचार हवा : साध्या ओल्या मातीचा १० सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला दीडशे किलोहून अधिक भरतो. बार्सिलोनात २०११ मध्ये एका उघड्या भिंतीसमोर २१ मीटर उंचीची हिरवी रचना केली, तेव्हा झाडांचा भार भिंतीवर न टाकता स्वतंत्र पोलादी सांगाडा उभारला आणि त्यात माळ्याला वर जाण्यासाठी जिनाच ठेवला. ज्यांना असा जिना परवडत नाही त्यांनी वेली जमिनीतच लावाव्यात आणि भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर अंतरावर ताणलेल्या तारांवर चढवाव्यात. समुद्राजवळ तारा व खिळे ३१६ प्रतीच्या गंजरोधक पोलादाचेच घ्यावेत. मधुमालती, जाई, कृष्णकमळ या वेली येथे सहज वाढतात. भिंतीला मुळांनी चिकटणाऱ्या वेली चिऱ्याच्या जुन्या गिलाव्यावर सोडू नयेत.

६. कामाचे वेळापत्रक

आपल्याकडे चतुर्थीपूर्वी घर रंगवण्याची घाई असते, आणि आतल्या खोल्यांपुरती ती ठीक आहे. बाहेरच्या भिंतीचे वर्ष वेगळे असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संमती व परवानग्या, नोव्हेंबरमध्ये भिंत धुणे, सुटलेला गिलावा काढणे, फटी खोदून भरणे आणि सांध्यांवर जाळी मारून नवा गिलावा करणे, असा क्रम ठेवावा. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे आणि रंगापूर्वी चार आठवडे तो सुकू द्यावा. शेवाळ असलेल्या जागी शेवाळनाशक लावून मगच घासावे, नाहीतर ते नव्या रंगाखालून पुन्हा वर येते. भिंत सुकली की नाही हे पाहण्यासाठी हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक रात्र ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर आणखी थांबावे. रंगकाम जानेवारी ते मार्चमध्ये, भिंत सावलीत असताना करावे. वेली मात्र जूनच्या पहिल्या पावसात लावाव्यात.

चित्र भिंतीवर नेण्यासाठी चौकटींची पद्धत नवख्यांना सर्वांत सोयीची : कागदावरचा एक चौकोन भिंतीवर एक मीटर, असे प्रमाण धरून ओळंब्याने उभ्या व पाणपातळीने आडव्या रेषा आखाव्यात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीसाठी भोके पाडलेला खाका व कोळशाची पूड पुरते. परांची कुशल माणसांनीच बांधावी, भिंतीला ती ठिकठिकाणी जखडलेली असावी, आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नावाजलेला चित्रकार का असेना, पट्टा व शिरस्त्राण सक्तीचे असावे.

७. करार आणि पुढची निगा

चित्रकाराशी लेखी करार करावा. त्यात मोबदला, रंगांचा खर्च, परांचीचा खर्च, चित्राची छायाचित्रे कोण वापरणार, दुरुस्ती कोण करणार आणि उद्या इमारत पाडायची किंवा भिंत झाकायची झाल्यास चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचे, हे सर्व स्पष्ट लिहावे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकृती विकल्यानंतरही तिचे विद्रूपीकरण होऊ नये हा कलावंताचा हक्क राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

एकूण खर्च ठरवतानाच त्यातला एक भाग निगेसाठी वेगळा काढून सोसायटीच्या खात्यात ठेवावा. ती रक्कम काढता येत नसेल तर काम लहान करावे. पहिल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरात, आधी घेतलेल्या छायाचित्रांच्या जागांवरूनच पुन्हा छायाचित्रे घ्यावीत, नवे ओघळ दिसतील तेथे वर चढून पाण्याची वाट शोधावी आणि लहान दुरुस्ती त्याच हंगामात उरकावी. दरवर्षी मेअखेर गच्चीवरील पन्हळी व पाइपांची तोंडे साफ करावीत. रंगांचे क्रमांक, उत्पादकाची पत्रके, मूळ रेखाटन, संमतीपत्रे, परवानग्या, चित्रकाराचा करार आणि दरवर्षीची छायाचित्रे एका फाइलमध्ये ठेवावीत. चिटणीस बदलला की हिशेबाच्या वह्यांबरोबर तीही नव्या चिटणीसाकडे सही घेऊन सोपवावी.